दोन सेलचा चंद्र

“बॅटरीचा बल्ब एकच उरला,” तुळशीराम दुकानदार म्हणाला, आणि त्या इवल्याशा बल्बावर दोन हात एकदमच पडले. एक कोकिळाचा. दुसरा कुणाचा, ते बघायला तिनं मान वर केली... आणि पटकन खाली घातली.

“मले चंद्र करायचा हाय,” खडूनं पांढऱ्या झालेल्या बाह्यांचा तो तरुण म्हणाला.

“मलेही चंद्रच करायचा हाय!”

माणूस चंद्रावर उतरून जेमतेम महिना झाला होता. चिखलीतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी कन्याशाळेची कोकिळाबाई आणि हायस्कूलचा इंद्रभान मास्तर, दोघंही मुलांसाठी अंतराळाचा खेळ मांडत होते. बल्ब एक, दावेदार दोन. मग खेळही एकच करायचं ठरलं.

शाळा सुटली की व्हरांड्यात काम चाले. पोरींनी फळीवर पृथ्वी रंगवली; आफ्रिका जरा फुगलीच. डब्यातून चिठ्ठी काढायची, प्रश्न वाचायचा, उत्तराच्या खिळ्याला तार टेकवायची. बरोबर आलं की चंद्र उजळणार, यान एक घर पुढं सरकणार.

तारा पिळताना बोटांना बोटं लागत.

“हात काऊन थरथरते, मास्तर?”

“करंट लागते ना...”

“दोन सेलचा?”

“सेलचा कोन म्हनते?”

कोकिळा लाजून पोरींच्या घोळक्यात शिरली. पण एक दिवस तिला सांगावंच लागलं — रविवारी जळगाव जामोदचे पाहुणे तिला बघायला येणार होते. पसंती आली की गाव सुटणार, शाळाही सुटणार. इंद्रभानचा खिळा वाकडा ठोकला गेला. चंद्रापर्यंतची वाट आखतो, आणि दोन शब्द बोलवत नाहीत याला!

शनिवारी प्रदर्शनात तिचे वडील भगवानराव आले, फेटा सावरत थेट खेळायलाच बसले. पहिलं उत्तर बरोबर आलं, चंद्र लागला, तसे लहान पोरासारखे खुलले. पुन्हा डब्यात हात घातला. इंद्रभानचा चेहरा उतरला. तो हळूच कुजबुजला,

“कोकिळाबाई... त्यात माही एक चिठ्ठी हाय. काल तुमच्यासाठी टाकली. तुम्ही काढलीच नाही!”

ती काही बोलायच्या आत भगवानराव मोठ्यानं वाचू लागले होते.

“‘कोकिळाबाई, पाहुण्यांना नाही म्हणाल का? मग मी माझ्या वडिलांना तुमच्या घरी पाठवू?’” त्यांनी फळी खालीवर न्याहाळली. “याच्या उत्तराचा खिळा कोनता?”

कोकिळा हातातली तार बोटाभोवती गुंडाळू लागली.

“अक्षर कोनाचं?”

“माझं,” इंद्रभान पुढं झाला. “मेहकरच्या हिंमतरावांचा मुलगा मी.”

“हिंमतरावचा? बाजारात दर खेपेले भेटते तो. पोरगा मास्तर हाय, हे कधी बोलला नाही!” मग ते लेकीकडं वळले. आवाज एकदम मऊ झाला. “पोरी, उत्तर तुह्याजवळ हाय.”

“हाव...”

“आयकू नाही आलं.”

“हाव, बाबा!”

भगवानरावांनी चिठ्ठीची घडी करून खिशात टाकली. “मंग जळगावले आजच मानूस धाडतो. मास्तर, उद्या हिंमतरावले घेऊन या. पोहे तं आनूनच ठेवले हायेत.”

कितीतरी दिवसांचा अडकलेला श्वास कोकिळानं सोडला. इंद्रभान तिच्याकडं बघत होता — आता उघड उघड. पाळीसाठी पोरी मागून ढकलू लागल्या.

“थांबा व पोरीहो,” भगवानराव डब्यात हात घालता घालता थबकले. “मास्तर, यात अजून कोनाची चिठ्ठी तं नाही ना?”