बॉडी खाली घेताना

अख्ख्या परळात मला घाबरवेल असा कोणी अजून पैदा व्हायचाय. झुरळं मात्र पैदा झालीत. एखादं उडालं की मी बायकोच्या पाठीमागे. हसा, हसा. मला चौथीतून काढलं तेव्हा वर्गही असाच हसला होता. मास्तरांच्या खुर्चीला डांबर लावणारा मीच.

तर ही गोष्ट शिमग्याच्या आदल्या आठवड्यातली. कफ परेडच्या मच्छीमार नगरातली दर्शना तिच्या बापाचा जुना पिकअप टो करून आमच्या गॅरेजात घेऊन आली. गोल बोनेट, बेडकासारखे दोन दिवे, मागे फळ्यांचा हौदा. असलं रूपडं आता बघायला मिळत नाही. खालचा सांगाडा मात्र गंजून पापड झालेला. तिला वरची बॉडी तीच हवी होती, आणि खाली जीपची फोर-बाय-फोर चॅसी. ओल्या रेतीतून होडी ओढताना चाकं रुतू नयेत म्हणून.

"आनंदाकाका, बा ह्याच्यातच गेला," ती म्हणाली. "स्टिअरिंगवर डोकं ठेवून. बॉडी बसवायच्या आधी त्याला सांगाल ना? नारळ आणलाय मी."

"सांगतो की. नंबर दे त्याचा."

पोरगी हसली नाही. नारळ ठेवून निघून गेली.

गॅरेज माझं आणि बुधाजीचं. बुधाजीची वीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात गेली आणि मागांच्या खडखडाटात कान गेले. समोर उभे राहिलात तर तो तुमचे ओठ वाचतो, पाठ केलीत की खेळ खलास. म्हणून कामात आमची ठोक्यांची भाषा. तो चॅसीखाली आडवा, मी वर चेनकप्पी धरून. त्यानं पान्यानं एक ठोका दिला की बॉडी बोटभर खाली. दोन दिले की थांब. आणि मी पाय तीनदा जमिनीवर आपटला की पाठीला हादरा लागून त्यानं तडक बाहेर यायचं.

हे तीन मी किती वेळा खोटेच आपटलेत त्याला हिशोब नाही. भला माणूस धापा टाकत बाहेर यायचा, आणि मी विचारायचो, "चहा घेणार?"

दुपारचे तीन झाले होते. समोर टॉवर उठल्यापासून आमच्याकडे ऊन येत नाही, दुपारीही बल्ब लागतो. चॅसी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडांवर, उभी. तिच्यावर गर्डरला टांगलेली बॉडी, हळूहळू गोल फिरत होती. दारं काढलेली, काच काढलेली, सीट काढून भिंतीला टेकवलेली. तीनदा सोड्यानं धुतली होती, तरी आतून सुक्या बोंबलाचा वास येतच होता.

नारळ हातात घेतला आणि माझ्या अंगात शिमगा आला. आमच्या कोकणात गाऱ्हाणं घालतात तसं मी केबिनसमोर हात जोडून घातलं, "बा गाडीवाल्या म्हाराजा! तुझी बॉडी आज नव्या चॅसीवर चढता हा. माका काय कळाचा नाय. तूच आत येवन बस, आणि तूच सांग खाली कधी घेवची ती!"

गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. बाकीचे म्हणजे एकटा बुधाजी, आणि तो बाबासाहेबांचा माणूस, असल्या गोष्टींना भीक घालत नाही. समोरून माझे ओठ वाचून एवढंच म्हणाला, "देव मी मानत नाही. पण मेलेल्या माणसाची थट्टा करू नये, आनंदा."

टक्.

एकच ठोका. मला वाटलं बुधाजीचाच. मी नारळ फोडला, खोबरं खिशात टाकलं, आणि बुधाजी चॅसीखाली सरकला.

टक्. मी बोटभर खाली घेतली.

टक्. आणखी बोटभर.

कप्पीची चेन थंड लागत होती. बोंबलाचा वास जाऊन आता ताज्या मासळीचा येत होता, बर्फातल्या. टक्. खाली घेतली. टक्... आणि माझी नजर पायाशी गेली. बुधाजीचा पाना माझ्या चपलेजवळ पडला होता.

मी वाकलो. खाली बुधाजीचे दोन्ही हात बॉडी आणि चॅसीच्या फटीत. भोकाला भोक जुळवत होता. तोंडात दोन नट धरलेले. तो ठोकत नव्हता.

टक्. वरून. केबिनमधून.

मग सीटची स्प्रिंग करकरली... सीट तर भिंतीला होती. आणि टांगलेली बॉडी ड्रायव्हरच्या बाजूला कलली, कोणी चढून बसावं तशी.

मी तीनदा पाय आपटला. जोरात.

"चहा नको," नट थुंकून खालून बुधाजी म्हणाला.

पुन्हा तीन. "बुधाजी, आईशपथ..." पण ओठ दिसायला तो समोर कुठे होता?

"तुझं पाय आपटणं माहितीय मला. मघाशी डब्यात रबरी पाल कोणी टाकली?"

चेन माझ्या मुठीतून सरकायला लागली. रिकामी बॉडी मी एका हातानं खेळवतो, आता दोन्ही हात आणि अख्खं अंग टाकलं तरी ती खालीच चालली होती. एकेक कडी. तळव्याची साल निघत होती. सोडली असती तर बॉडी धाडकन बसली असती, घोड्या सरकल्या असत्या आणि चॅसी बुधाजीच्या छातीवर. ठोके आता घाईत होते. टक् टक् टक् टक्. उशीर झालेल्या माणसासारखे.

बुधाजी ओरडला. बोट चेपलं होतं. ते ओढून काढत तो पाठीवर सरकत माझ्याकडे यायला लागला. डोकं आलं, खांदे आले, कंबर आली...

आणि तिथेच थांबला.

"पाय सोड," तो म्हणाला. डोळे गच्च मिटलेले, बोट छातीशी धरलेलं. "आनंद्या, पाय सोड रे! काय मस्करी ही?"

ठोके बंद झाले होते. वर कोणीतरी ऐकत असल्यासारखं.

त्यानं डोळे उघडले. मी तोंड खाली करून ओठ नीट हलवले, "मी... मी नाही धरला. हात बघ माझे. दोन्ही... चेनीवर आहेत."

त्यानं चेन बघितली. माझ्या मुठी बघितल्या, त्यातून ठिबकणारं रक्त बघितलं. मग माझं तोंड, बराच वेळ. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा शब्द त्याला खरा वाटला. आणि मला वाटलं, ह्या वेळी नसता वाटला तर बरं झालं असतं.

"तुझे दोन हात वर आहेत, ते दिसतंय मला," तो अगदी हळू म्हणाला. "खालचे किती आहेत, सांगू?"