निम्मी कॅराव्हॅन

मी फाटक ढकलून आत गेले तेव्हा तो कॅराव्हॅनच्या, गाडीमागे ओढायच्या त्या छोट्या घराच्या, खाली आडवा झाला होता. बाहेर दिसत होते ते नुसते दोन लांबच लांब पाय आणि चिखलाने माखलेले बूट.

"चाकं बघताय का?" मी विचारलं. "कशी आहेत?"

खालून आवाज आला — "गोल."

हा वित्से. आमची पहिली ओळख ही अशी.

एप्रिलची भुरभुर चालली होती. तो सरपटत बाहेर आला, उभा राहिला... आणि उभा राहतच गेला. नेदरलँडच्या उत्तरेकडची, फ्रीसलँडची माणसं उंच असतात हे मला ठाऊक होतं, पण याला थांबायचं कुठे ते कुणी सांगितलंच नव्हतं. केसांत गवताची काडी अडकलेली. मी केस कापणारी बाई, झ्वोलला एका सलूनमध्ये दिवसभर लोकांच्या डोक्यात हात घालते. सवयीने हात वर गेला आणि त्याचं नाव कळायच्या आधीच मी ती काडी काढून टाकली.

त्याचे कान लाल झाले. कान तेवढे बोलतात त्याचे, हे मला पुढे कळलं.

कॅराव्हॅन डाइक्स आजोबांची होती. आजी गेल्या, आणि एकट्याने गाडीमागे ती ओढत हिंडण्यात त्यांना गोडी उरली नव्हती, म्हणून विकायला काढली होती. त्यांनी आम्हा दोघांना स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली, डबा उघडून एकेक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला.

"दोघांनाही हवीये?" त्यांनी विचारलं.

"मला तर हवीच आहे," मी म्हणाले. "लहानपणापासून हवीये."

वित्से कपात बघत होता. "मलाही," तो म्हणाला.

"मग कठीण आहे. कुणाला हिरमुसलं करून पाठवणं माझ्याच्याने होत नाही." आजोबा खिडकीबाहेर बघू लागले.

मी लढायच्या तयारीत पदर खोचल्यासारखी सरसावून बसले होते. तेवढ्यात वित्से कपालाच सांगितल्यासारखं म्हणाला, "निम्मी निम्मी घेऊ."

अनोळखी माणसाबरोबर निम्मी कॅराव्हॅन. आईने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "ओडिल, तुला केस कापायला शिकवलं, डोकं वापरायला शिकवायचं राहिलं."

पण व्यवहार छान चालला. कॅराव्हॅन एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ठेवलेली असायची. एका सुट्टीत मी न्यायची, पुढच्या सुट्टीत तो. मी परत आणून लावली की तो घेऊन जाई, आणि पुढच्या वेळी मी दार उघडलं की काहीतरी बदललेलं असे. कुरकुरणारं दार गप्प झालेलं. माझा हात पोचत नसे ते कपाट एक वीत खाली आलेलं. मग मीही पडदे नवे शिवले, त्याच्या पायांसाठी पलंगाला एक फळी जोडून घेतली. उशीला त्याच्या साबणाचा वास यायचा. मी उशीचा अभ्रा धुवायचं हळूहळू सोडूनच दिलं... हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

एकदा किल्ली द्यायला म्हणून मी त्याच्या पुलावर गेले. तो कालव्यावरचा पूल उघडतो, बंद करतो. काचेच्या खोलीत एकटा बसतो, बोटी आल्या की मोटारी थांबवतो, पूल उचलतो. मी किल्ली दिली आणि निघाले नाही. बोटी आल्या, गेल्या. मी बोलत होते, तो ऐकत होता. संध्याकाळी त्याने माझ्या कानामागे सुटलेली बट आपल्या बोटाने सावकाश मागे सारली — पूल उचलतो तितक्याच जपून — आणि मी त्याचा हात तिथेच धरून ठेवला.

त्याला दोन वर्षं होत आली. सगळं होतं. फक्त 'प्रेम' हा एक शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. मी शंभरदा म्हटलं असेल. तो दरवेळी हसायचा, माझा हात हातात घ्यायचा, आणि कान लाल.

"फ्रीसलँडचा आहे," मी आईला सांगायची. "त्यांच्याकडे असंच असतं."

"असंच असतं म्हणून त्यांच्याकडे गाईसुद्धा कमी हंबरतात," आई म्हणायची. आम्ही दक्षिणेची, लिंबुर्गची माणसं. आमच्याकडे प्रेम असलं तर शेजाऱ्यालाही ऐकू जातं.

त्यात मावशीचा निरोप आला. तिला तिचं सलून सोडायचं होतं. मला देणार होती. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, माझ्या आईच्या गावात. "जूनअखेर सांग," ती म्हणाली. मी वित्सेला काही बोलले नाही. मनाशी ठरवलं — नॉर्वेची ही सुट्टी आम्ही पहिल्यांदाच दोघं मिळून घेतोय. या सुट्टीत तो बोलला तर ठीक. नाही तर माझी निम्मी कॅराव्हॅन मी त्यालाच देऊन टाकीन आणि जाईन.

आम्ही पोतंभर बटाटे, कॉफी, शेंगदाण्याचं लोणी असं सगळं भरून निघालो. नॉर्वेच्या महाग भावाने बटाटे विकत घेणारा डच माणूस अजून जन्मायचाय. डेन्मार्कच्या टोकाला बोटीने जबडा उघडला आणि आमची गाडी, मागची कॅराव्हॅन, आणि आमच्यासारख्याच शंभर कॅराव्हॅनी एकामागून एक तिच्या पोटात शिरल्या. समुद्र पार झाला, जबडा पुन्हा उघडला, आणि समोर...

मला सांगता यायचं नाही. देशातली सगळ्यात उंच टेकडी आमच्या लिंबुर्गात आहे. मी वित्सेसमोर तिची फार मिजास मारायची, "आमचा डोंगर" म्हणायची. दोन दिवस गाडी चालवून आम्ही आतल्या मुलखात पोचलो, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काळे कडे सरळ आभाळात गेलेले, माथ्यावर जूनमध्ये बर्फ, आणि त्या बर्फातून पांढऱ्या धारा सुटून अर्ध्या वाटेतच धुकं होऊन जात होत्या. मी गाडी कडेला घेतली. खाली उतरून मान मागे टाकून नुसती बघत राहिले. इतकी, की डोळ्यांत पाणी आलं.

वित्से शेजारी येऊन उभा राहिला. "हा तुमच्या डोंगराचा काका असेल," तो म्हणाला.

"गप."

"थोरला काका."

मी हसले. तो मात्र वर बघत होता तसा खाली बघत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. दरी आली की तो डॅशबोर्डकडे बघायचा. सपाट मुलखातला माणूस. पुलाच्या उंचीपलीकडे कधी गेला नव्हता. म्हणून घाटात गाडी मीच चालवायची.

गायरांगरचा घाट उतरत होतो त्या दुपारी. खाली, फार खाली, फियॉर्डचं, डोंगरांत शिरलेल्या खाडीचं, हिरवं पाणी आणि त्यावर शाईच्या थेंबाएवढी एक बोट. आम्हाला तीच गाठायची होती. रस्ता म्हणजे डोंगराच्या अंगावर टाकलेली दोरी. एका वळणावर समोरून प्रवाशांची भलीमोठी बस वर आली आणि थांबली. तिला मागे जाता येत नव्हतं. मला जाता येत होतं — कॅराव्हॅन घेऊन, चढावर उलटं, वळणातून.

मी आरशात बघितलं. "वित्से, मला मागचं काही दिसत नाही."

त्याने एकदा दरीकडे पाहिलं. चेहरा पांढरा झाला. मग त्याने दार उघडलं आणि उतरला. आरशात मला तो दिसला — कड्याच्या अगदी काठावर, दगडी कठड्याला पोटऱ्या टेकवून उभा, मागे सगळं आभाळ. दोन्ही हात वर केले, पुलावर बोटींना करतो तसे. डावीकडे. सावकाश. अजून. थांब. मी फक्त त्या हातांकडे बघत होते. बस आमच्या आरशाला जवळजवळ चाटून गेली. आतली माणसं काचेला नाक लावून आमच्याकडे बघत होती.

तो परत आत येऊन बसला. पट्टा दोनदा चुकून तिसऱ्यांदा बसला. मी गाडी पुढे काढली आणि पुढचं वळण घेतलं. आणि वित्से बोलायला लागला.

"मला कॅराव्हॅन नको होती," तो म्हणाला.

"काय?"

"मी काकांसाठी बघायला आलो होतो. त्यांनी सांगितलेलं, चाकं बघ आणि ये. तू काडी काढलीस... आणि मला वाटलं, मी आता 'नको' म्हटलं तर ही घेऊन जाईल, आणि पुन्हा कधी दिसणार नाही. आणि मी घेतली तर ही रागावून जाईल. म्हणून निम्मी म्हटलं."

माझा पाय ब्रेकवर होता. पुढे वळण, त्यापुढे वळण. त्याच्याकडे बघायची सोय नव्हती. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस बोलत होता, आणि मला रस्त्यावरून नजर हलवता येत नव्हती.

"काकांना काय सांगितलंस?"

"चाकं वाईट आहेत म्हणून." तो श्वास घ्यायला थांबला. "पहिल्या सुट्टीत मी तिला कुठेच नेली नाही. गोठ्यातच झोपलो. दाराला तेल घातलं. तुझी एक केसांची पिन सापडली, ती बघत बसलो. शेतकरी म्हणाला, नेदरलँडमध्ये याहून बरी ठिकाणं आहेत."

मला हसू फुटलं आणि रडूही. "वित्से, मी गाडी चालवतेय."

"म्हणूनच बोलतोय. तू माझ्याकडे बघितलंस की मला बोलता येत नाही." मग खालच्या आवाजात — "मावशीचं मला माहीत आहे. तुझ्या आईने फोन केला होता."

पुढचं वळण मी कसं घेतलं, देव जाणे. "माहीत होतं तरी गप्प बसलास?"

"तुला थांब कसं म्हणू? माझा निम्मा हक्क कॅराव्हॅनवर आहे. तुझ्यावर नाही."

घाट संपला. आम्ही धक्क्यावर आलो, बोटीत गाडी लावली, आणि जिना चढून वर डेकवर गेलो. मी त्याच्यापासून हातभर दूर उभी राहिले. रागाने की आणखी कशाने, मला कळत नव्हतं.

बोट निघाली. इंजिनाचा आवाज सोडला तर सगळीकडे शांत. दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ आले, की पाणी काळं दिसू लागलं. मग एका वळणानंतर उजव्या हाताला ते दिसलं — कड्याच्या माथ्यावरून शेजारी शेजारी सुटलेले धबधबे, केस मोकळे सोडावेत तसे. डेकवरच्या माणसांचे फोन वर धरलेले हात आपसूक खाली आले. कर्ण्यातून बाईचा आवाज येत होता : या सात बहिणी. समोरच्या कड्यावरून एकटा धबधबा कोसळतोय तो त्यांना मागणी घालायला आलेला तरुण. प्रत्येकीला विचारत आला, प्रत्येकीने नकार दिला.

तुषार उडून गालांवर, पापण्यांवर बसत होते. इतकं पाणी, इतकी उंची, हजारो वर्षं असंच कोसळत असलेलं... आणि त्यापुढे आम्ही दोघं, मावशीचं सलून, माझा रुसवा, सगळं किती चिमुकलं. तरी, कसं ते माहीत नाही, त्या क्षणी मला ते चिमुकलंच सगळ्यात मोलाचं वाटलं.

वित्से माझ्याकडे वळला. या वेळी त्याने नजर वळवली नाही. "सात नकार घेऊन तो उभा आहे," तो म्हणाला. "मला एकसुद्धा झेपायचा नाही."

"तू विचारलंयस कुठे काही?"

तो त्याच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाला. लहानसं वाक्य, मऊ, पाण्यासारखं.

"म्हणजे?"

"कळलंय तुला."

"नाही कळलं. मी दक्षिणेची आहे. आम्हाला नीट सांगावं लागतं."

त्याचे कान लाल झाले होते. पण आवाज हलला नाही. "माझं तुझ्यावर प्रेम आहे, ओडिल. तू मावशीकडे जा. मी पण येतो. तुमच्याकडच्या मास नदीवरही पूल आहेत, मी चौकशी केलीये. आणि तिथे तू... माझ्याशी लग्न करशील का?"

मला खूप बोलायचं होतं. दोन वर्षांचं साठलेलं होतं. मी नुसती होकारार्थी मान हलवली, पुन्हा हलवली, आणि त्याच्या ओल्या कोटात तोंड खुपसलं. वरून तुषार येतच होते. त्याचं हृदय माझ्या कानाशी इतकं जोरात धडधडत होतं, की कर्ण्यातली बाई ऐकू येईनाशी झाली.

कितीतरी वेळ गेला असावा. शेजारी उभ्या असलेल्या एका जर्मन बाईंनी माझ्या खांद्याला हलकेच बोट लावलं. "तुमची गाडी सगळ्यांच्या पुढे आहे ना?" त्या म्हणाल्या. "बोट लागली."

आम्ही जिना धावत उतरलो. बोटीचा जबडा सताड उघडा होता, बाहेर ऊन पडलं होतं, आणि सगळी रांग आमच्या कॅराव्हॅनच्या मागे खोळंबली होती. एकानेही भोंगा वाजवला नव्हता. मी किल्ली लावली. वित्सेने खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्या सगळ्यांना उद्देशून, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, मोठ्या आवाजात सांगितलं —

"माफ करा. ती हो म्हणाली."