बर्फात पडलेलं गाव

"हात ढिला सोड, माय... मूठ आवळशीन त बांगडी वाढन."

अब्बांचा हा आवाज नाहीदच्या कानात तळाशी बसलेला होता, डोहात खडा बसावा तसा. ती सात वर्षांची असेल तेव्हा. अब्बांच्या सायकलच्या दांडीवर बसून झाडीतल्या गावांत जायची. मुश्ताक बांगडीवाले, म्हणजे तिचे अब्बा, मोहाच्या सावलीत चादर अंथरायचे आणि बाया येऊन हात पुढं करायच्या. काच फुटली असं अब्बा कधी म्हणायचे नाहीत. बांगडी वाढली, म्हणायचे. आणि ती वाढू नये म्हणून समोरच्या बाईशी असं हळू बोलायचे की मूठ आपोआप उमलायची.

आता अब्बांचे गुडघे गेले. सायकल भिंतीला टेकली, चौकात छोटंसं दुकान आलं. आणि नाहीद सव्वीस वर्षांची होऊन तालुक्याच्या कचेरीत संगणकावर नकाशे काढत होती. कंत्राटी. दर मार्चात कंत्राट नवं व्हायचं, किंवा व्हायचं नाही.

तो भादव्यातला मंगळवार होता. बाहेर झड लागलेली. दारात एक उंच मुलगा येऊन उभा राहिला. केसांतून पाणी गळतंय, चपला हातात, आणि मोबाइल मात्र दुधाच्या पिशवीत कोरडा ठणठणीत.

"मॅडम, कोसंबटोल्याहून आलो. जंगलाच्या हद्दीचे पॉइंट आणले. एकशे बारा हायेत."

"नाव?"

"गावाचं का माह्यं?"

"गावाचं सांगितलंत आत्ताच."

"प्रणित," तो म्हणाला आणि पायाखाली साचलेल्या पाण्याकडे ओशाळून बघू लागला.

कोसंबटोल्याच्या ग्रामसभेनं जंगलावरच्या सामूहिक हक्काचा दावा टाकला होता. दिवाळीनंतर सुनावणी. दाव्याला नकाशा हवा, म्हणून हा प्रणित मोबाइल घेऊन पंधरा दिवस हद्दीवरून चालला होता. घुग्घुसच्या कोळसाखाणीत एका सर्व्हेअरच्या हाताखाली दोन वर्षं काढून, तिथली धूळ झटकून तो गावी परतलेला, धानाच्या बांधावर.

नाहीदनं त्याची फाइल उघडली. पडद्यावर पृथ्वी गरकन फिरली आणि थांबली. नाहीदनं ओठ दाबले, पण हसू डोळ्यांतून सांडलंच.

"सापडलं तुमचं गाव, भाऊ."

"कुठी?"

"बर्फात. उत्तर ध्रुवाच्या जरा अलीकडं एक बेट आहे, तिथं. माणसं नाहीत. अस्वलं आहेत, पांढरी."

तो टेबलावरून वाकला. पडद्यावर पांढरं रान, आणि त्यावर त्याच्या गावाचे एकशे बारा ठिपके.

"आकडे उलटे लिहिलेत तुम्ही," ती म्हणाली. "आधी वीस हवेत, मग एकोणऐंशी. अक्षांशाच्या घरात रेखांश घुसवलात की गाव असं पळून जातं."

"तरीच!" तो गंभीरपणे म्हणाला. "मले सकाळपासून थंडी काऊन वाजून राह्यली म्हणतो मी."

आता मात्र ती खळखळून हसली. बांगड्यांची पेटी कुणी घाईत उघडावी, तसं. पलीकडच्या टेबलावरून बाबू गुणवंतरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"अन् मॅडम..." जाता जाता तो दारात थबकला. "भाऊ नका म्हणू मले."

"मग काय म्हणू?"

"आता कचेरी तुमची हाये. असंन ना एखादा फॉर्म त्याच्यासाठी."

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला. दुरुस्त केलेले पॉइंट घेऊन. आणि गाव पुन्हा बर्फात.

"अहो, पुन्हा?"

"लय गोंधळ होते, मॅडम."

नाहीद हसत हसत आकडे सरळ करू लागली. तो शेजारच्या स्टुलावर बसला आणि त्यानं हळूच मुद्द्याला हात घातला. कचेरीत कोसंबटोल्याच्या हद्दीची जी फाइल आहे, ती बघायला मिळेल का? आपल्या पॉइंटांशी ताडून पाहिली असती.

"साहेबांची परवानगी लागते. शिवाय ती आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. विकत घ्यावं लागतं ते."

"नकाशा कोणाचा हाये?"

"सरकारचा."

"अन् हद्द?"

"...तुमच्या गावाची."

"मंग आमच्याच गावाची हद्द आमाले काऊन नाई दिसत?"

तिनं त्याच्याकडं अर्जाचा कागद सरकवला. तो त्यानं तिथंच भरला, आणि मग मोबाइलवर आपला नकाशा दाखवला. कोणीही उघडावा, कोणीही भर घालावी असा. जिवतीच्या डोंगरातला कोणी शाळामास्तर त्यात पाणवठे टाकतो, सिंदेवाहीचा कोणी पांदणरस्ते.

"फुकट आहे?"

"फुकट नाई, खुलं. फुकटचं कोणी देते म्हणून भेटते. खुलं म्हणजे सारे मिळून ठेवते." त्यानं एका रेघेवर बोट ठेवलं. "हे पाहा. ही रेघ कोणी काढली, कधी काढली, कोणी बदलली, सारं दिसते."

"आणि चुकली तर?"

"तेबी दिसते. चुकला त्याचं नाव, अन् सुधरवली त्याचंबी."

"लाज नाही वाटत लोकांना?"

"वाटते ना. पण झाकून ठेवलेली चूक मोठी होत जाते, मॅडम. उघडी टाकली की सुकते."

तिसऱ्या मंगळवारी तो काही राहिलेले पॉइंट घेऊन आला, आणि गाव तिसऱ्यांदा बर्फात गेलं. गुणवंतराव मोठ्यानं हसले. "का गा, या वक्ताले तिथीच घर बांधून घे ना!" नाहीदही हसली. मग फाइलीच्या कोपऱ्यात तिची नजर गेली आणि क्षणभर तिथंच राहिली. तिनं आकडे सरळ केले, फाइल जपून ठेवली.

त्या संध्याकाळी कचेरी सुटल्यावर तिला राहवलं नाही. प्रणितचे सगळे ठिपके तिनं कचेरीच्या नकाशावर टाकून पाहिले. तीन बाजूंनी ते हद्दीवर नीट बसले. चौथ्या बाजूला मात्र ठिपके रेघ ओलांडून पुढं गेलेले. मधे पळसाच्या पानासारखा एक तुकडा. एकसष्ट हेक्टर.

रेघ तिचीच होती. तीन वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या महिन्यात काढलेली. जुन्या दस्तात लिहिलं होतं, 'पूर्वेस नाल्यापर्यंत'. उपग्रहाच्या चित्रात एकच नाला ठळक दिसत होता. त्यावरून तिनं रेघ ओढली आणि पुढच्या गावाला लागली. त्या रेघेवर तिचं नाव कुठंच नव्हतं. फाइल बंद, कुलूप कचेरीचं.

दुसऱ्या दिवशी तिनं गुणवंतरावांना सहज विचारल्यासारखं विचारलं, जुन्या नकाशात चूक निघाली तर?

"त ज्याची चूक, त्याचं कंत्राट गेलं समज. पण काढते कोण? सुनावणीत कचेरीचाच नकाशा चालते, बेटा."

म्हणजे सुनावणीत तिची रेघ चालणार, आणि तो तुकडा गावाच्या हातून जाणार. नाहीदनं मान डोलावली. मूठ मात्र ओढणीत आवळलेली राहिली.

मंगळवार येत राहिले. कधी एखादा पॉइंट, कधी फाइलीच्या अर्जाचं काय झालं ही चौकशी. अर्जाचं काहीच झालं नव्हतं. तो यायचा, दोन वाक्यं बोलायचा, चार नुसत्या डोळ्यांनी बोलायचा... आणि ती दर वेळी ठरवायची, आज सांगते. दर वेळी तो निघून जायचा.

दिवाळी झाली. एका रविवारी तिनं अब्बांना विचारलं, "अब्बा, कोसंबटोला आठवतो?"

"आठवते म्हणजे! तिथल्या नाल्याचं पाणी शरबतासारखं... कोणचा नाला पण? दोन हायेत ना. एक सासू, एक सून."

नाहीदच्या हातातला पेला तसाच राहिला. ती अब्बांना स्कूटीवर मागं बसवून निघालीच.

कोसंबटोल्यात लवकर येणारा हलका धान कापून झालेला. खळ्यावर पेंढ्या रचत असलेली प्रणितची आई, रुखमाबाई, स्कूटीवरच्या पाहुण्याला पाहून धावत आली.

"मुश्ताकभाऊ! माह्या लग्नाचा चुडा याह्यनंच भरला व माय! अन् हे? ते दांडीवरची पोट्टी का?" तिनं नाहीदचं मनगट धरून उलटसुलट केलं. "बांगडीवाल्याची पोरगी अन् हात रिकामे?"

"कीबोर्डवर वाजतात, काकू."

"वाजू दे ना! घरात कोणी हाये एवढं त समजते."

प्रणित गोठ्याच्या दारात थिजून उभा होता. अंगात फाटकी बनियान. नाहीद दिसताच तो आत गेला आणि इस्त्रीचा शर्ट घालून आला. बटणं एक घर चुकून लावलेली. तिनं पाहिलं, आणि सांगितलं नाही.

अब्बा खाटेवर टेकले. नाल्यांचा विषय निघताच रुखमाबाईनं पेंढी बाजूला ठेवली आणि धान रोवण्याच्या वक्ताचं गाणं धरलं, बसल्या बसल्या, अर्ध्या आवाजात,

*सासू गेली पुढं पुढं, सून राह्यली मागं बाई,*
*दोघींच्या मधातला मोह कोणी तोडू नाई...*

"सुनेच्या नाल्यापावतर आपलं," ती म्हणाली. "मधातलं मोहाचं रान साऱ्या टोल्याचं. चैतात मोहफुलं येचाले आमी बाया तिथीच राहतो, टोपल्या घेऊन."

प्रणित नाहीदला तिकडं घेऊन गेला. पहिला नाला उघडा, रुंद, वाळूचा, उपग्रहाला दिसणारा. दुसरा झाडांच्या छपराखालून गुपचूप वाहणारा, आकाशाला पत्ता नसलेला. आणि दोन्हींच्या मधे मोहाची जुनी झाडं. एका बुंध्याशी नाहीद थांबली. अब्बांची चादर, बायांचे पुढं आलेले हात, तो आवाज... इथंच. ती याच झाडाखाली बसली होती, आणि हेच झाड तिनं गावाबाहेर टाकलं होतं.

"प्रणितभाऊ, मला एक..."

"मलेबी एक सांगाचं हाये," तो एकदम म्हणाला.

"मग सांगा."

"तुमी आधी."

वाऱ्यानं दोन पानं पडली. दोघांपैकी कुणीच आधी झालं नाही.

सुनावणीसाठी साहेब गावात आले. शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल, भिंतीवर पांढरी चादर, तिच्यावर नकाशा. लॅपटॉपवर नाहीद. अब्बाही आले होते. ते लटारूभाऊंच्या शेजारी बसले. लटारूभाऊ ग्रामसभेचे अध्यक्ष. ते उठून म्हणाले, "साहेब, मोहाचं रान कचेरीच्या नकाशात नाई. पण गावात सदाचंच हाये."

"गावाचे पॉइंट आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

गुणवंतराव पुढं झाले. "हायेत साहेब. पण हा पोरगा तीनदा आला अन् तिन्ही वक्ताले गाव बर्फात टाकून गेला. अशा पॉइंटांवर मोहाचं रान कसं द्याचं?"

साहेब हसले. वऱ्हांड्यात कुणी हसलं नाही. बाया टोपल्या उपड्या करून त्यांवर बसल्या होत्या, त्या नुसत्या चादरीवरच्या रेघेकडं पाहत राहिल्या. प्रणितची मान खाली गेली. कानांपर्यंत लाल.

साहेबांनी पेन उघडलं. "मग कचेरीचा नकाशा ग्राह्य धरतो..."

हात ढिला सोड, माय.

"थांबा, साहेब." नाहीद उभी राहिली. "पूर्वेची रेघ मी काढलेली आहे. तीन वर्षांपूर्वी, इथं न येता. नाले दोन आहेत. मी दिसणारा धरला. हद्द न दिसणाऱ्या नाल्यावर आहे. मी पाहून आले. गावाचे पॉइंट बरोबर आहेत, चूक माझी आहे. दोन महिने मला माहीत होती... आणि मी बोलले नाही."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "चला, दाखवा तुमचे नाले." पण उठता उठता त्यांनी प्रणितला गाठलं. "अन् तू रे? तीन तीन वेळा आकडे उलटे कसे?"

"पहिल्या वक्ताले चुकलो, साहेब." प्रणितनं घसा खाकरला. "बाकी दोन वक्ताले... मुद्दाम केले."

"मुद्दाम? का?"

"ते इथी नाई सांगत."

लटारूभाऊंना खोकला आला. रुखमाबाईनं पदर तोंडाला लावला. अब्बा छताकडं पाहू लागले.

दुपारपर्यंत साहेब दोन्ही नाले ओलांडून आले. गावाची हद्द सुनेच्या नाल्यावर धरली, आणि दुरुस्त नकाशा सगळ्यांना दिसेल असा शाळेच्या भिंतीवर लावायला सांगितला. कागदाच्या कोपऱ्यात नाहीदनं स्वतः लिहिलं, 'पहिली रेघ, चुकीची : नाहीद शेख. दुरुस्ती : कोसंबटोला ग्रामसभा व नाहीद शेख.' गुणवंतराव नुसते म्हणाले, "मार्चात पाहू." ती मान डोलावून बाहेर आली. हात हलके वाटत होते.

शाळेच्या आवारातल्या मोहाखाली प्रणित उभा होता.

"गाव पणाला लावलंत," ती म्हणाली.

"हो. तिथी बसल्या बसल्या मरून राह्यलो होतो मी."

"आणि का, ते इथं तरी सांगणार?"

त्यानं पायानं पाला सारला. "पहिल्या दिवशी तुमी हसल्या ना, मॅडम... मंग मले दुसरं काई सुचेचना. पुन्हा हसवाले काय न्यावं? माह्यापाशी त आकडेच होते."

तिच्या मोहल्ल्यात आणि त्याच्या टोल्यात याचं काय बोलणं होईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते पुढचं. शाळेजवळ अब्बा रुखमाबाईला काही सांगत होते आणि ती हसत होती.

"तिसऱ्या वेळी," नाहीद हळूच म्हणाली, "तुम्ही कचेरीबाहेरच्या बाकावर बसून आकडे उलटे केले. दहा चाळीसला. आणि दहा पंचेचाळीसला आत आलात."

तो दचकला. "तुमाले कसं ठाऊक?"

"फाइलीच्या कोपऱ्यात शेवटच्या बदलाची वेळ असते. सगळं दिसतं, तुम्हीच म्हणाला होतात."

"मंग तवाच सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं..." ती थांबली. बोटं ओढणीतून सुटली. "सांगितलं असतं, तर पुढच्या मंगळवारी तू आला नसतास, प्रणित."