द्वितीय पुरुष, एकवचन

तिचं काम मरण्याचं होतं. खुर्चीत बसून, दिवसभर, पगारी.

कंपनी व्हिडिओ गेम बनवायची आणि गेम बाजारात जाण्याआधी खेळून तिने त्यातल्या चुका शोधायच्या. चुका शोधायच्या तर नायकाला सगळ्या तऱ्हांनी मारून बघावं लागतं. गच्चीवरून पाडायचं, पाण्यात बुडवायचं, भिंतीत अडकवायचं आणि पुढे काय होतं ते बघायचं. गंमत अशी की तिला मरणं नीट जमत नसे. पडता पडता हात आपसूक वाचवायला जात. म्हणून ऑफिसात तिचं नाव पडलं होतं चिवट. पुढे पुढे साहेबलोकही तिला चिवटच म्हणायला लागले.

चाचणीची खोली जिन्याला लागून होती. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवलेला होता. त्याचा एक कोपरा सुटला होता, आणि दुपारी तिथून उन्हाची पट्टी येऊन तिच्या मनगटावर बसायची. यंत्रांचे पंखे सतत घुमायचे. नव्या माणसाचं त्या आवाजाने डोकं धरायचं. तिला तो ऐकूच येईनासा झाला होता.

नव्या गेमचा नायक होता उत्तुंग. उडायचा, लोकांना वाचवायचा. गेम त्याच्या डोळ्यांतून दिसायची, म्हणजे खेळणारा तोच उत्तुंग. आणि खलनायक होता मागोवा. मागोवाचं डोकं ज्याने बांधलं त्या प्रोग्रॅमरला सगळे मेंदू म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते म्हणणाऱ्यावर अवलंबून.

"याला राज्य नको, खजिना नको," मेंदूने पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. "याला फक्त उत्तुंग हवा. शहर पेटवतो तेही उत्तुंगने यावं म्हणून. उत्तुंग नसला की हा नुसता उभा असतो."

"आमच्या सासूबाई," चिवट म्हणाली होती. "मुलगा दिसेपर्यंत दारातून हलत नाहीत."

बैठक हसली. मेंदू हसला नाही. "तुझ्या सासूबाई शहर पेटवत नाहीत," तो म्हणाला.

मागोवा खेळणाऱ्याच्या सवयी लक्षात ठेवायचा. कोण घाई करतो, कोण डावीकडूनच येतो, कोण घाबरला की उंच उडतो. उत्तुंग शेवटच्या गच्चीवर उतरला, की पाठमोरा मागोवा हळूच वळायचा आणि एकच शब्द बोलायचा.

"आलास?"

तो आवाज काकांचा होता. काका म्हणजे एक निवृत्त आवाज कलाकार. वाटेत कुत्रं आडवं आलं तरी त्याला 'जा बाबा' म्हणणारा माणूस. पण ते 'आलास?' त्यांनी असं म्हटलं होतं की रेकॉर्डिंगच्या वेळी काचेपलीकडच्या सगळ्यांनी आपसूक मागे दाराकडे बघितलं होतं. त्यात राग नव्हता. जिन्यावर पाऊल वाजलं की अंथरुणातून उठून बसणाऱ्या माणसाचा तो आवाज होता.

सुरुवात साधी होती. मागोवा तिला मारेनासा झाला.

बाकीच्यांना तो बिनदिक्कत मारायचा. चिवट उतरली की मात्र हात खाली घ्यायचा, दोन पावलं मागे सरायचा आणि बघत राहायचा. तिने मुद्दाम चुका केल्या. पाठ फिरवली, शस्त्र टाकलं, कठड्याच्या अगदी टोकाला जाऊन उभी राहिली. मागोवाने पुढे होऊन तिला आत घेतलं.

"चूक आहे ही," तिने मेंदूला बोलावून दाखवलं.

मेंदू ओठ चावत बघत राहिला. "तुला मारलं की तू जातेस, हे शिकला असेल."

"मग?"

"मग काय, मारत नाही. हुशार आहे पोरगा." तो हसला, आणि जाताना दारात थांबून पुन्हा एकदा पडद्याकडे बघून गेला.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती गच्चीवर उतरली. मागोवा वळला.

"आलीस?"

तिने हेडफोन काढले, स्पीकर लावला, पुन्हा उतरली. पुन्हा तेच. नायक पुरुष, नायकाशी बोलायची वाक्यं पुरुषाची, आणि हा म्हणतोय आलीस. ऑफिसात हशा पिकला. मेंदू तिच्या खुर्चीत बसून खेळला. आलास. पात्रांचे कपडे रंगवणारी चित्रकार बसली, तीही बाईच. तिलाही आलास. मग सगळ्यांनी आग्रह करून चिवटला बसवलं, आणि पुन्हा आलीस.

यंत्राला कॅमेरा नव्हता. माइकही नव्हता. खुर्चीत कोण बसलंय हे त्याला कळायला वाटच नव्हती.

"हातावरून ओळखतो," मेंदू म्हणाला. "बटणं दाबायची तुझी एक लय आहे."

"लयीवरून बाईमाणूस कळतं?"

 दुपारी मेंदूने काकांना बोलावून घेतलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं, मग पुन्हा ऐकवायला सांगितलं.

"आवाज माझा आहे," ते म्हणाले. "पण बाळ, हे मी म्हटलेलं नाही."

"चुकून तोंडातून गेलं असेल, काका."

"अरे, त्या शब्दावर अख्खी सकाळ घालवली मी. चुकून कसं जाईल?" त्यांनी गळ्याभोवतीचा मफलर सारखा केला. "आणि हा शब्द माझा असता तर मी जरा लांबवला असता. यात घाई आहे. ओळख पटल्यावर होते तशी."

मेंदूने सगळी रेकॉर्डिंग चाळली. आलीस कुठेच नव्हतं. या शब्दाचा तुकडा त्या शब्दाला जोडला जात असेल, होतं असं, असं तो म्हणाला. चिवटने मान डोलावली. तिला पटलं होतं. चुकांमध्येच तिचा दिवस जायचा, आणि आजवर प्रत्येक चुकीला कुठे ना कुठे कारण सापडलंच होतं.

नंतर एके सकाळी पावसाळी हवा होती आणि तिला बरं वाटत नव्हतं. कॉफीचा वास नको झाला होता. त्या सकाळी मागोवा वळला आणि लगेच बोलला नाही. तिला वाटलं यंत्र अडकलं.

"आलात?" तो म्हणाला.

पलीकडच्या टेबलावरून मेंदूने ऐकलं. "बघ, मान राखायला लागला तुझा. इतकी वर्षं इथे राबतोय, मला कुणी आलात म्हणत नाही."

"तुझा मान राखावा असं केलंस तरी काय?" ती म्हणाली. पण तिने स्पीकर बंद केला आणि हेडफोन चढवले. 

दुसऱ्या दिवशीही आलात. तिसऱ्या दिवशी मागोवाने बाजूला होऊन गच्चीवरचा कठडा दाखवला. "बसा," तो म्हणाला, आणि मग हेडफोनमध्ये, अगदी हलक्या आवाजात, "दोघंही."

ती संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तपासलं, हसल्या, म्हणाल्या, "अगदी सुरुवात आहे हो. तुम्हाला इतक्या लवकर शंका तरी कशी आली?"

मागच्या वेळी दिवस गेले आणि सगळं आपोआप संपलं होतं. तेव्हा घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं, नवऱ्याने नुसते घरातले सगळे नळ दुरुस्त केले होते. म्हणून या वेळी आनंदसुद्धा बेताबेताने करायचा असं दोघांनी न बोलताच ठरवलं. मागोवाचं मात्र तिने त्याला सांगितलं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "अगं, आमच्या लिफ्टही कधी कधी न बोलावता वर येतात. आम्ही वायरिंग बघतो. लिफ्टच्या मनात काय आहे ते विचारत नाही."

"आणि वायरिंग ठीक असलं तर?"

"तर पुन्हा बघतो." त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "महिनाभर जाऊ नकोस. घरी बस."

ती घरी बसली. बसली म्हणजे काय, या खोलीतून त्या खोलीत हिंडली. कपाट लावलं, पुन्हा उचकलं. पोटात काही जाणवतंय का ते बघत राहिली. काही जाणवत नव्हतं, आणि इतक्यात जाणवणारही नव्हतं. सुट्टी संपली तेव्हा तिला हायसं वाटलं, आणि वाटलं याचीच लाज वाटली.

ती गच्चीवर उतरली. मागोवा वळला.

"आलीस?"

तिने ओढून काढलेले हेडफोन खाली पडले. जिना कसा उतरली, रिक्षात काय पत्ता सांगितला, काही आठवत नव्हतं. दवाखान्यात रांग होती. ती रांग मोडून आत शिरली आणि बाहेरच्या बाया बोलल्या ते तिला ऐकू आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी न रागावता तिला झोपवलं, पोटावर यंत्र फिरवलं. खोलीत ठोके घुमले. भरभर, एकसारखे.

"सगळं उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "कुणी काय घातलं तुमच्या डोक्यात?"

ती तशीच ऑफिसात परतली. हेडफोन कुणीतरी उचलून टेबलावर ठेवले होते.

"आलात?" मागोवा म्हणाला. आणि मग काकांनी खरोखरच म्हटलेलं, गेममधलं एक साधं वाक्य, "वाट बघत होतो."

तेव्हा तिला कळलं. सकाळचं ते चुकून नव्हतं. ती इतके दिवस आली नव्हती, म्हणून मुद्दाम होतं.

शहाण्या बाईने त्याच दिवशी नोकरी सोडली असती. नवरा तेच म्हणाला. तिलाही ते कळत होतं. पण आता रोज डोळे उघडले की तिला एकच गोष्ट हवी असायची. डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा सांगत. मागोवा रोज सांगायचा. ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात यायची, चप्पलसुद्धा न काढता यंत्र सुरू करायची, आणि तो शब्द ऐकला की मगच पाणी प्यायची. सुट्टीच्या दिवशी काम राहिलंय असं सांगून रखवालदाराकडून दार उघडून घ्यायची. आलात? एवढं ऐकायचं आणि घरी जायचं. पूर्वी तो तिच्यासाठी खोळंबायचा. आता जिन्यात तिचीच पावलं घाईघाईने पडत.

पोट दिसायला लागलं. सासूबाई दर दोन दिवसांनी फोन करून विचारत, "काही हललं का गं?" हललं नव्हतं. "पहिल्या बाळाच्या वेळी उशिरा कळतं, ठोके छान आहेत," असं डॉक्टरीणबाई सांगत. तिला ते पुरेना. ती पडद्यासमोर एका हाताने खेळायला शिकली, दुसरा हात पोटावर ठेवून.

मग गेम बाजारात जायची वेळ आली आणि कंपनीच्या मोठ्या बाई मेंदूच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "ते आलीस-आलात प्रकरण अजून आहे म्हणे? काढून टाक. लोक हसतील आपल्याला."

मेंदूने काढायला घेतलं. मागोवाला आता बोलायला एकच शब्द ठेवायचा, काकांचा मूळचा, समोर कुणीही असो.

"राहू दे ना," चिवट म्हणाली. "थोडे दिवस."

"अगं, चूक तूच दाखवलीस ना?"

"तो मला..." ती थांबली. मेंदू वळून तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. "काही नाही. कर."

"बाकी सगळं पुसलं मी," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याच्याकडे दुसरा शब्दच उरला नाही. खरंच सांगतो."

सकाळी सगळे तिच्या खुर्चीमागे जमले. मोठ्या बाई, चित्रकार, काकाही मुद्दाम आले होते. स्पीकर लावला होता. डॉक्टरीणबाईंनी पाचव्या महिन्यापासूनच विश्रांती सांगितली होती, आजपासून तिची मोठी रजा होती, त्यामुळे कुणीतरी तिच्या खुर्चीला फुगा बांधला होता. तिने हात पुसले, उडाली, इमारतींवरून वळली आणि गच्चीवर उतरली.

मागोवा वळला.

"आलास?"

टाळ्या पडल्या. "हां, हा माझा," काका म्हणाले आणि सुटल्यासारखे हसले. मेंदूने खुर्चीत अंग सोडून दिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "झालं एकदाचं." आणि सगळे बोलत बोलत चहाकडे निघाले.

ती उठली नाही.

आलीस म्हणायला लागल्यापासून त्याने तिला एकदाही आलास म्हटलं नव्हतं.

मागोवा खेळणाऱ्याच्या डोळ्यांत बघतो. तसाच तो काढला होता, मान तशीच बसवली होती. आता तो तिच्या डोळ्यांत बघत नव्हता. त्याची नजर खाली होती. पडद्याच्या खालच्या कडेला, टेबलाच्याही जरा खाली.

तिने खुर्ची डावीकडे सरकवली.

नजर सरकली.

बाहेर कुणीतरी तिला चहाला हाक मारत होतं. मागोवा गुडघ्यावर बसला, एखाद्या लहानग्याशी बोलायला बसतात तसा, आणि उत्तराची वाट बघत राहिला.

तिने दोन्ही हात पोटावर घट्ट दाबले. आणि त्यांच्याखाली, पहिल्यांदाच, कुणीतरी हाकेला वळावं तसं वळलं.