दुपारपर्यंत रिकामी होणारी टाकी

हर्षला आली ती टेबलावर पैसे ठेवूनच बोलायला लागली. "आहेराचे आहेत, माझे स्वतःचे. तीन हजार. एवढ्यात गळती शोधून मिळंल का?"

निवेदिता टिपणीस पूर्वी विमा कंपन्यांसाठी चौकशा करायची. आता कर्जतच्या बाजारपेठेत वरच्या मजल्यावर बसून ती भिंतीआड आणि जमिनीखाली हरवलेलं पाणी शोधायची. माणसांपेक्षा पाणी कमी खोटं बोलतं, असं तिचं मत होतं. तिच्यासोबत शरच्चंद्रमामा असत, निवृत्त शिक्षक. यंत्राची पेटी उचलणं आणि चुकीचे निष्कर्ष काढणं ही दोन्ही कामं ते मनापासून करत.

"फी अडीच हजार," निवेदिता म्हणाली. "गळती सापडली नाही तर अर्धी परत. आणि मी काहीही फोडत नाही."

मग हर्षलाने सगळं सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी ती लग्न होऊन कशेळ्याहून पळसदरीला आली. घरी बोअर आहे, पण मे महिन्यात तो सकाळी एक टाकी भरण्याइतकंच पाणी देतो. ती टाकी पूर्वी रात्रीपर्यंत पुरायची, आता दुपारीच कोरडी ठणठणीत. नवरा ओमकार खोपोलीला नोकरीला, तो आईपुढे गप्प. सासूबाईंच्या मते सून आली आणि पाणी गेलं.

"काल आईंनी माझ्या बाबांना फोन केला. पोरीला काही दिवस घेऊन जावा म्हणून. बाबा आज चार वाजता येतायत." तिचा आवाज बारीक झाला. "एकदा असं गेले, की परत कुठल्या तोंडानं येऊ?"

निवेदिताने घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजले होते.

पळसदरीच्या घराचं अंगण मोठं होतं. लग्नाचा मांडव उतरवून झाला होता, तरी मधोमध उंबराची मुहूर्तमेढ तेवढी उभी होती. तिला ताजं कुंकू होतं आणि वर चार-पाच कोवळी पानं फुटली होती. सोनुबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मामांना ती कौतुकाने दाखवली. मेढीला पालवी फुटणं म्हणजे मोठं शुभ, म्हणून त्यांनी ती काढू दिली नव्हती. शुभशकुनावर एवढी माया आणि सुनेवर एवढा राग एकाच बाईच्या मनात कसा मावतो, हे मामांना कळेना.

चौकशीत पहिला नंबर गजाचा, घरच्यांनी बोलावलेल्या चौक गावच्या प्लंबरचा. लग्नाआधी नव्या जोडप्यासाठी नवं न्हाणीघर त्यानेच बांधलं होतं. त्याच्या मते पाइप भिंतीत कुठेतरी फुटला होता आणि सगळ्या टाइल्स फोडल्याशिवाय इलाज नव्हता. घरातली जुनी लाइन कुठून कुठे जाते, असं विचारल्यावर तो म्हणाला, "ते मला नाय ठावं. मी नव्या कामापुरता आलो."

सोनुबाईंना फार विचारावं लागलं नाही. सून नव्या न्हाणीघरातला शॉवर किती वेळ सोडते, यावरच त्या दहा मिनिटं बोलल्या.

सासरे, नागू, ओसरीवर बसून लग्नाच्या आठवणींत रमले होते. तीनशे पान उठलं म्हणे. पाण्याचे दोन टँकर सांगून ठेवले होते, तरी हळदीच्याच दिवशी तिसरा मागवावा लागला. मेढीचा खड्डाही हळदीच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः खणला, या वयात. "मधीच पहार टणकन वाजली. दगड लागला असंल. मग दोन घाव जास्तीचे घातले." पूर्वी म्हशी होत्या तेव्हा अंगणापलीकडच्या गोठ्यात नळही त्यांनीच नेला होता. म्हशी विकल्या, गोठ्यात आता लाकडं होती.

अंगण मुरमाचं होतं आणि शेताच्या बाजूला उतरतं. खाली बांधाशी शेजारच्या मोतीबाईंच्या शेळ्या चरत होत्या. सगळं शेत करपलेलं, तिथेच तेवढा हिरवा पट्टा.

"कधीपासून बांधता इथे?" निवेदिताने विचारलं.

"ह्याच म्हयन्यात गं. कुठं चारा नाय, हितं हाय."

मामांनी निवेदिताला बाजूला घेतलं. त्यांचा संशय मोतीबाईंवर होता. शेळ्यांना पाणी लागतंच. निवेदिताने गजाला गच्चीवर नेऊन घराकडे जाणारा कॉक बंद करायला लावला, टाकीत काठी बुडवून खडूने खूण केली आणि तासभर चहा घेतला. तासाने पाणी चार बोटं खाली होतं. टाकी इतक्यात रिकामी होऊ नये म्हणून तिने कॉक बंदच ठेवायला सांगितला.

साडेतीनला तिने सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"घराचा कॉक बंद असताना पाणी उतरलं. म्हणजे ते घरात जातच नाही. न्हाणीघर सुटलं, गजाचं कामही सुटलं. आता नागूकाका, गोठ्याची लाइन टाकीपासून अंगणाखालूनच गेली ना?"

नागूंनी मान डोलावली. "लोखंडी पायप. इसरूनच गेलो मी."

"तुमची पहार वाजली ती त्याच पाइपवर. दगड असता तर तुम्ही तो बाहेर काढून दाखवला असता. जुना, गंजलेला पाइप तडकला. मेढ रोवताना खड्ड्यात पाणी घालतातच, त्यामुळे ओल कुणाला खटकली नाही. तेव्हापासून पाणी मुरमातून झिरपतंय आणि बांधाशी निघतंय."

"पण सून आल्यापासनंच टाकी रिकामी होतीय," सोनुबाई म्हणाल्या.

"तिसरा टँकर कधी मागवला?"

"हळदीला," नागू म्हणाले आणि थांबले.

"हर्षला तेव्हा कशेळ्यात होती, स्वतःच्या हळदीला. पाहुण्यांच्या गर्दीत गळती लपली. गर्दी गेली आणि घरात नवं माणूस एकच उरलं." निवेदिताने मेढीच्या बुडाशी जमिनीखालचा आवाज टिपणारं यंत्र टेकवलं आणि त्याचा हेडफोन सोनुबाईंच्या हाती दिला. "तोडलेली फांदी भर मे महिन्यात उगाच पालवत नाही, मावशी. एकाच पाण्यासाठी तुम्ही मेढीचं कौतुक केलंत आणि सुनेला बोल लावलात."

सोनुबाईंनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. खाली पाणी सूं सूं करत होतं.

गजाने गच्चीवर जाऊन गोठ्याच्या लाइनला बूच मारलं. आवाज थांबला. एकही टाइल फुटली नाही. मामांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी मोतीबाईंच्या शेळीलाच थोपटलं.

निवेदिता हर्षलाने दिलेल्या पैशांतले उरलेले पाचशे परत करू लागली, तेव्हा सोनुबाईंनी सगळेच पैसे सुनेला द्यायला लावले आणि फीचे अडीच हजार आतून आणून स्वतः दिले. सुनेकडे बघायचं मात्र त्यांना धैर्य होईना.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. हर्षलाचे वडील उतरले, दारात आले आणि आत यावं की नाही अशा विचारात उभे राहिले. सोनुबाई डोक्यावरचा पदर सावरत पुढे झाल्या.

"व्याही, चूक माझी हाय. पोरीची काय बी चूक नाय. काल फोनवर बोलले, आता सगळ्यांसमोर तोंडावर सांगते, मला माफ करा." मग त्या मागे वळल्या. "हर्षला, बाबांना पाणी आण गं. आपल्या घरात बसा म्हणावं."

हर्षलाला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. डोळे पुसत ती आत गेली, माठातून तांब्या भरला आणि वडिलांच्या हातात दिला.

वडिलांनी तो घटाघटा पिऊन संपवला. "बॅग भरलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाय," हर्षला म्हणाली. "भरायची नाय आता."