देव्हाऱ्यातले जर्मनबाबा

लग्नाआधी घरचे देव सोनाराकडून उजळून आणायचे, ही तात्याबाच्या घरची रीत. म्हणून कार्तिकातल्या त्या शनिवारी तो देवांचं गाठोडं आणि मुलगी मंजुळा, दोघांना घेऊन चाकणच्या बाजारात उद्धवशेट सोनाराच्या दुकानी आला. लग्न मंजुळाचंच. स्थळ खेडचं, घरची मोट, चार बैल. तिला काही कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तिनं 'न्हाई' म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसावं.

उद्धवशेट एकेक टाक फडक्यावर मांडत गेले. खंडोबा, भवानी, भैरोबा... चौथा देव मात्र चांगला जाडजूड, रुपयापेक्षा मोठा आणि दाढीवाला.

"तात्याबा, हे कोण?"

"जर्मनबाबा," तात्याबा भक्तिभावानं म्हणाला.

पायरीवर आईची तुटलेली अंगठी सांधून घ्यायला एक तरुण बसला होता, तो खुदकन हसला. मंजुळानं रागानं वळून पाहिलं. राग पुरता डोळ्यांत यायच्या आधीच त्याची नजर तिच्या नजरेला भिडली, आणि मग तिला आपण का रागावलो तेच आठवेना.

तात्याबा लढाईत इटलीला होता. तिथं एका तहानलेल्या जर्मन कैद्याला त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. कैद्यानं खिशातून हे काढलं, ओठांना लावलं आणि तात्याबाच्या हातावर ठेवलं. ओठांना लावतो म्हणजे देवच की! दाढीवाला चेहरा, डोक्याभोवती पानांची प्रभावळ, आणखी काय पाहिजे? गावी आल्यावर तात्याबानं दारू सोडली तीही याच्याच डोक्यावर हात ठेवून. आपले देव चुका पोटात घालतात, परदेशी देव कडक असणार, हा त्याचा हिशेब. अकरा वर्षं झाली, सरकारची दारूबंदी मागाहून आली.

उद्धवशेटनी कसोटीवर रेघ ओढली. "चांदी अस्सल आहे. तीन तोळे भरेल. मोडीत सहा रुपये."

"देव मोडीत घालतात व्हय, शेट?"

"मी बघू?" पायरीवरच्या तरुणानं विचारलं. त्याचं नाव ज्योतीराम. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना झाला होता, तिथं तो फिटर होता. "कडेला आकडा कोरलाय, नऊशे नव्वद. म्हणजे हजारात तेवढे भाग चांदी. आणि ही अक्षरं जर्मन. आमच्याकडे यंत्रांबरोबर जर्मन पुस्तकं आलीत, मी कोश घेऊन वाचतो थोडंफार."

तात्याबा सरसावून बसला. "मग ह्येचं नाव तेवढं वाचून द्या. लग्नाचं आवतण समद्या देवांस्नी नाव घेऊन द्यावं लागतं. नाव कळंस्तवर खेडची बोलणी थांबवतो."

बोलणी थांबणार म्हटल्यावर मंजुळाला त्या अक्षरांत एकदम गोडी वाटू लागली.

ज्योतीरामनं वहीचा कागद देवावर धरला आणि पेन्सिल आडवी करून हळूहळू फिरवली. आधी दाढी आली, मग नाक, मग पानं...

"अगंबाई, देव कागदावर उतरला!"

"उतरतो," तिच्याकडे न बघता तो म्हणाला. "घाई केली नाही तर."

पुढच्या शनिवारी पहिली पाळी संपवून तो सायकलवर तात्याबाच्या घरी हजर. एक शब्द लागला होता — 'आठवण'. त्यापुढच्या शनिवारी 'शंभर'. तिसऱ्या खेपेला 'वर्षे'.

"आठवड्याला एकच शब्द?" मंजुळानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"जर्मन शब्द फार लांब असतात."

"पिंपरीच्या रस्त्यापरीस लांब?"

"रस्ता कसा संपतो कळतच नाही... येताना."

ती आत पळाली, पण उंबऱ्याच्या आतच थांबली. खरं तर तिलाही आता चैन पडत नव्हतं. रोज सकाळी देव धुताना ती बाबाला उजेडाकडे धरून न्याहाळायची. एकदा तिनं ज्योतीरामला दाढीखालची कणसं दाखवली. "ही गव्हाची न्हाईत. कुसळं बघा केवढाली! सातू हाय ह्यो. पिकापाण्याचा देव असंल, न्हाई का?"

ज्योतीरामला ठसका लागला. तो तिच्याकडे बघतच राहिला. आपल्याला कारखान्यातल्या चष्मेवाल्या साहेबांना विचारावं लागलं ते हिनं नुसत्या कुसळावरून ओळखलं!

चौथ्या शनिवारी तात्याबाचा धीर सुटला. "उद्या खेडचं पाव्हणं येत्यात. नाव लागो न लागो," असं सांगून तो बैलांना पाणी दाखवायला गेला. कांद्याच्या रोपाचा ओला वास अंगणात भरून होता. मंजुळा खांबाआड उभी राहिली.

"आणखी चार शब्द काढा की वो..."

"शब्द संपले, मंजुळाबाई."

"कवा?"

"पहिल्याच रविवारी. एका बैठकीत सगळं वाचून झालं होतं."

"मग इतके शनिवार...?"

"तुम्हाला बघायला येत होतो."

त्यानं हे इतकं सरळ सांगितलं की लाजायचंही तिला सुचलं नाही. आनंद मात्र झाला होता, फार आनंद. मग तिनं हळूच विचारलं, "लिवलंय तरी काय?"

"जर्मनीतल्या एका दारूच्या कारखान्याला शंभर वर्षं झाली, त्याची ही आठवण. साल एकोणीसशे नऊ. दाढीवाले मालक. आणि तुमचा सातू त्यांच्या बिअरचा."

मंजुळानं तोंडावर पदर दाबला, खांदे हसण्यानं हलले... आणि एकदम तिचा चेहरा उतरला. "आबांनी शपथ ह्येच्यावर घेतलीया. खोटा देव म्हटल्यावर पुन्हा प्याया लागले तर? कुठल्याबी देवाचं नाव सांगा. माझी आण हाय."

"ज्या घरी तुम्हाला मागायला यायचं, तिथं खोटं सांगून कसा येऊ?"

तात्याबा हात पुसत आला. ज्योतीरामनं सगळं सांगितलं. मजकूर सांगितला, कधी वाचला तेही सांगितलं. तात्याबानं देव्हाऱ्यातून जर्मनबाबा उचलला आणि कितीतरी वेळ तळहातावर धरून ठेवला.

"ईकला तर काय येईल?"

"मोडीत सहा. पुण्याला एक पारशी गृहस्थ जुनी पदकं जमवतात, ते साठ देतील. अंगावरचा काळेपणा तसाच असता तर शंभर दिले असते. हे कुणीतरी घासघासून लख्ख केलंय."

"दर सोमवारी!" मंजुळा रडवेली झाली. "चिंच लावून!"

तात्याबाच्या मिशा थरथरल्या. तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होता. "दारू गाळणारानंच माझी दारू सोडवली! मग ह्यो देव न्हाई तर कोण?" त्यानं बाबाला पुन्हा भैरोबाशेजारी बसवला. "न्हाई ईकायचा."

मग तो ज्योतीरामकडे वळला. हसू पार मावळलं होतं.

"एका दिसाचं काम चार आठवडं लांबवलंस. कारखान्यात बी असंच करतोस?"

"नाही. तिथं मंजुळा नसते."

बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. तात्याबानं लेकीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही.

"आबा, खेडला न्हाई म्हणून कळवा. मला ह्येच पसंत हायेत."

तात्याबानं चंची उघडली. पान लावलं, तोंडात टाकलं, घोंगडी झटकून अंथरली. "बस," तो ज्योतीरामला म्हणाला, आणि लगेच: "देवक कोणतं तुमचं?"

मंजुळा जागच्या जागी थिजली. पाहुण्याला कुणी देवक विचारतं का? सोयरीक करायची असली तरच विचारतात, आणि दोघांचं एकच निघालं तर सगळं तिथंच संपतं.

"पंचपालवी," ज्योतीराम म्हणाला.

तात्याबानं सावकाश पान चघळलं.

"आमचं कळंब," तो म्हणाला. "जुळतंय. मंजुळे, च्या टाक. गूळ जरा जास्त घाल."