चाळीस कुत्र्यांचं कलम

फलटणबाहेरच्या प्रयोगशाळेत कोयरी कुत्रीचा धडा सकाळी दहाला असायचा, पण डॉ. घारपुरे आल्याशिवाय तो सुरू व्हायचा नाही. संचालक असूनही ते रोज स्वतः येत. मेंढपाळाच्या घरातून आलेल्या, सहावी शिकलेल्या भागीरथी लवटेवर त्यांचा विश्वास नव्हता.

"माझ्या नजरेआड कुत्रीला काहीही शिकवायचं नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

ते चुटकी वाजवत. मग भागीरथी तळहात जमिनीकडे करून सावकाश खाली आणी. कोयरी पोट टेकून आडवी पडे. तिला मांसाचा तुकडा मिळे. हे दिवसातून साठ वेळा, तीन महिने.

"साहेब, चुटकी नका वाजवू. कुत्री ऐकते."

"चुटकी तुझ्यासाठी आहे, कुत्रीसाठी नाही."

ग्राहक यायच्या दिवशी सकाळी मेंदूतज्ज्ञ डॉ. सबनीस यांनी पुन्हा एकदा बोलून पाहिलं.

"सर, स्मृतिकलम आंब्याच्या कलमासारखंच असतं. धड्यांच्या वेळी कोयरीच्या मेंदूत जे जे जुळलं, ते सगळं आपण चाळीस कुत्र्यांत रुजवलंय. फांदीबरोबर कीडही येते, ती निवडून काढता येत नाही. आणि त्या जागी दुसरं कलम धरतं ते फक्त त्याच झाडाचं. म्हणून कोयरीला निदान वर्षभर तरी..."

"कोयरीला संध्याकाळी कायमची झोपवायची सुई द्या. मूळ झाड दुसऱ्याच्या हाती लागायला नको. आणि लवटे, तुझंही काम संपलं. सामान आवर."

"सुई कशाला, साहेब? मी नेते तिला घरी."

"नेशील, आणि उद्या कुणाला विकशील?"

भागीरथीने कोयरीची साखळी मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरली.

अकरा वाजता तुरुंगाच्या अधीक्षक नाईकबाई आल्या, सोबत त्यांचा एक शिपाई. आवारात जाळीपलीकडे चाळीस कुत्री उभी होती, शिपायाकडे बघून गुरगुरत होती. अनोळखी माणसावर धावून जाणं त्यांच्या जातीतच होतं. त्यांना थांबवणारी एकच गोष्ट होती, तो हात.

"हं, दाखवा हात," घारपुरे म्हणाले आणि सवयीने चुटकी वाजवली. शिपायाने तळहात खाली नेला. चाळीसच्या चाळीस कुत्री आडवी झाली.

नाईकबाईंनी मान हलवली. "छान. पण रात्रपाळीला तुम्ही थोडेच असणार तिथे? जरा आत जाऊन बसा."

घारपुरे हसत काचेच्या दाराआड गेले. कुत्र्यांना उठवलं. शिपायाने हात खाली नेला.

एकही कुत्रं हललं नाही. त्याने पुन्हा हात नेला. पुढचं कुत्रं दात दाखवत जाळीवर आदळलं, मागोमाग बाकीची. शिपाई ओरडत मागे सरला.

भागीरथी पुढे झाली. हात खाली न नेता तिने नुसती चुटकी वाजवली.

चाळीस पोटं जमिनीला टेकली. तिच्या पायाशी कोयरीही.

"हात नंतर यायचा, बाई," ती म्हणाली. "आधी साहेबांची चुटकी. जे आधी येतं तेच कुत्रं धरतं. हाताकडे बघायची त्यांना कधी गरजच पडली नाही."

"म्हणजे उद्या एखाद्या कैद्याने चुटकी वाजवली तर?"

"तर तो सावकाश चालत बाहेर जाईल."

घारपुरे तरातरा बाहेर आले. "सबनीस, हे पुसून टाका!"

"पुसता येत नाही, सर. नवं कलम बांधावं लागेल. ते फक्त कोयरीचंच धरेल."

सगळे भागीरथीकडे बघू लागले. तिने साखळीचा एक वेढा सैल केला.

"शिकवते की. तीन महिने लागतील. कोयरी माझ्या घरी राहील, आणि धड्याला साहेब नकोत."

"तू मला अटी घालतेस? चल, नीघ इथून!"

घारपुऱ्यांचा हात वर गेला. अंगठा मधल्या बोटाला टेकला. जाळीआडून चाळीस कुत्री त्या बोटांकडे बघत होती. नाईकबाईही.

त्यांनी हात खिशात घातला.